झडीच्या दिवसांत खुराड्यातली टोचाटोची: रक्त दिसण्याआधी काय करायचं

आषाढाची झड लागली की कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या पट्ट्यात चार-चार दिवस कोंबड्या बाहेर सोडता येत नाहीत. एरवी परड्यात आणि उकिरड्यावर दिवसभर उकरत फिरणारी वीस-पंचवीस पाखरं एका खुराड्यात कोंडली जातात. मग एखाद्या सकाळी दार उघडावं तर एका तलंगेची, म्हणजे अंड्यावर येऊ लागलेल्या कोवळ्या कोंबडीची, पाठ उघडी पडलेली असते, शेपटीच्या मुळाशी रक्त असतं आणि बाकीच्या तिच्या मागं लागलेल्या असतात. घरात निकाल लगेच लागतो: "ती तांबडी लई माजलीया, तिलाच काप."

सुरी उचलण्याआधी खुराड्यात एक नजर टाका. कोंबडीची चोच दिवसभर चालत असते. बाहेर ती माती, गवत, किडे टोचते. कोंडल्यावर समोर उरतात फक्त शेजारणीची पिसं. आज तांबडी कापली आणि खुराडं तसंच ठेवलं, तर आठ दिवसांत दुसरी कुणीतरी तिची जागा घेते. हे मी माझ्याच परड्यात पाहिलंय. दोन चांगल्या अंड्यावरच्या कोंबड्या मी अशा हकनाक घालवल्या, त्याचं वाईट आजही वाटतं.

थोडी चोचाचोची मात्र चालायचीच. कळपात मान ठरलेला असतो. कोण आधी खाणार, वरच्या दांडीवर कोण बसणार, हे त्या आपसात ठरवतात. एखादा टोचा, थोडं धावणं, खालच्या मानाची बाजूला होते, विषय संपला. त्यात हात घालू नका. रक्त निघालं, एकच कोंबडी सारखी कोपऱ्यात दबून बसली किंवा तिला दाण्याजवळ येऊ दिलं जात नसेल, तर त्याच दिवशी हलायला हवं. लाल रंगावर कोंबड्या तुटून पडतात. सकाळचा एक थेंब दुपारपर्यंत मोठी जखम होतो.

जखमी पाखरू आधी डालग्याखाली, म्हणजे कोंबड्या झाकायच्या टोपलीखाली, घ्या. जखम कोमट मिठाच्या पाण्यानं किंवा फिकट गुलाबी होईल इतपतच पोटॅशियम परमँगनेट घातलेल्या पाण्यानं धुवा, कोरडी करा आणि कडेनं कडुनिंबाचं तेल लावा. पावसाळ्यात माश्या बसून जखमेत किडे पडतात, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ बघत जा. जखम खोल असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. डालगं शक्यतो कळपाला दिसेल अशा जागी ठेवा. पार नजरेआड ठेवलेली कोंबडी परत सोडली की तिला परकी समजून पुन्हा मारतात. टोचणारी एकच असल्याची खात्री असेल, तर तिलाही तीन-चार दिवस वेगळी ठेवा. परत येईपर्यंत तिचा मान खाली घसरलेला असतो.

एक गोष्ट नीट ओळखा. या दिवसांत डास वाढतात आणि त्यांच्यामार्फत देवीचा रोग पसरतो. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती, चोचीच्या कडेला चामखिळीसारख्या गाठी आणि काळपट खपल्या दिसल्या, तर ती टोचल्याची जखम समजू नका. टोच्याची जखम बहुधा पाठीवर, शेपटीच्या मुळाशी किंवा अंगातून अंडं बाहेर येतं त्या जागी असते. रात्री बॅटरी घेऊन बसायच्या दांड्यांच्या सांदी-फटीही तपासा. तिथं लालसर बारीक गोचिडं फिरताना दिसली तर कोंबड्या बेचैन का आहेत ते तिथंच कळतं.

आता जागा. आत कोंडून ठेवायचं असेल तर मोठ्या कोंबडीला निदान दोन चौरस फूट धरा; तीन मिळाले तर फार बरं. गिरिराज, वनराजासारख्या अंगानं मोठ्या पाखरांना तीनच धरा. बसायच्या दांडीवर प्रत्येकीला आठ-दहा इंच लागतात. जागा वाढवणं जमत नसेल तर गोठ्याच्या पडवीला जाळी मारून दिवसापुरता आडोसा करा. माझ्या मते पावसाळ्यात कोंबडीवर केलेला सगळ्यात उपयोगी खर्च तोच. दाण्याचं आणि पाण्याचं भांडं एकच असेल तर दोन करा आणि ती लांब-लांब ठेवा, म्हणजे एका मानकरणीला दोन्ही अडवता येत नाहीत.

खाण्याकडं आपलं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. मोकळ्या कोंबडीला किडे, गांडुळं, कोवळा पाला यातून प्रथिनं मिळतात. कोंडल्यावर आपण पुढं टाकतो नुसता मका, तांदळाची कणी किंवा जोंधळा. पोट भरतं, पण प्रथिनं आणि मीठ कमी पडतं, मग ती पिसं उपटून खायला लागते. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात 16 ते 18 टक्के प्रथिनं हवीत. घरी 10 किलो खाद्य करायचं तर मक्याचा भरडा 5 किलो, सोयाबीन पेंड सव्वादोन किलो, गव्हाचा कोंडा पावणेदोन किलो, शिंपल्याचा चुरा 750 ग्रॅम, कोंबड्यांचं मिनरल मिक्श्चर 250 ग्रॅम आणि मीठ 30 ग्रॅम. मीठ मोजूनच घाला, जास्त झालं तर विषबाधा होते. घरचं सोयाबीन कच्चं घालू नका, ते पचत नाही. शेंगपेंड वापरत असाल तर दमट हवेत तिला बुरशी लागते, तेव्हा वास आलेली पेंड सरळ टाकून द्या. मोठी कोंबडी दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाते, त्या हिशेबानं आठवड्यापुरतंच मिसळा.

आणि चोचीला काम द्या. शेवग्याच्या डहाळ्या, मेथीघासाची पेंढी किंवा कोबीचा गड्डा दोरीनं मानेच्या उंचीला टांगा. ओढून खाण्यात तासभर जातो. मूठभर धान्य तुसात विखरा म्हणजे उकरत बसतात. कोपऱ्यात एका घमेल्यात कोरडी माती आणि राख ठेवा. गुऱ्हाळाच्या चुलवाणातली राख हंगामातच पोत्यात भरून ठेवली असेल तर आता कामी येते. लोळून अंगावरचे किडेही कमी होतात. खालचं तूस ओलं झालं की रोज वर-खाली करा, गच्च झालेला थर काढा. डोळ्यांना झोंबणारा वास तुम्हाला येत असेल तर त्या तो रात्रभर सोसतायत.

ढगाळ हवेमुळं काहीजण मोठा पांढरा बल्ब रात्रभर लावून ठेवतात. तसं करू नका. सूर्यप्रकाश धरून 14 ते 16 तास उजेड पुरे, तोही मंद. पहिलं अंडं घालणाऱ्या तलंगेचं अंग थोडा वेळ बाहेर येतं. लख्ख उजेडात ते लाल दिसलं की बाकीच्या तिथंच टोचतात आणि आतडी बाहेर काढेपर्यंत थांबत नाहीत. म्हणून चार-पाच कोंबड्यांमागं एक अंधारा, आडोशाचा खोका अंड्यासाठी ठेवाच.

आपल्याकडं आणखी एक अडचण श्रावणाची. महिनाभर घरात कोंबडी शिजत नाही, गिऱ्हाईक नसतं, आणि वाढलेले कोंबडे नेमके कोंडवाड्याच्या दिवसांत साठतात. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. जादाचे आखाडाच्या जत्रांतच विका, तेव्हा भावही बरा मिळतो. उरले तर वेगळे ठेवा, आणि असील, म्हणजे झुंजीच्या जातीच्या, रक्ताचे तर प्रत्येकी वेगळे.

करवीर, शिरोळ, हातकणंगल्याच्या नदीकाठानं आणखी जपायला हवं. 2019 आणि 2021 च्या पुरात कितीतरी घरांनी पाखरं घाईघाईनं पाहुण्यांच्या खुराड्यात नेऊन सोडली. परक्या कळपात सोडलेली कोंबडी मार खाते, आणि मानमोडीसारखा (राणीखेत) रोगही एकमेकांना देते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्याकडं सरकायला लागली की डालगी, जाळी, दाणा बाजूला काढून ठेवा. पाहुण्यांकडं गेल्यावर दोन-तीन आठवडे लांबच्या आडोशाला वेगळं दाणा-पाणी करा. त्यानंतरच आठवडाभर मध्ये जाळी ठेवून एकमेकींना दिसू द्या, आणि मग रात्री, सगळ्या दांडीवर बसल्यावर, दोघी-तिघींना मिळून आत सोडा. एकटीला कधीच नको.

चोच कापायचा सल्ला कुणी दिला तर परड्यातल्या कोंबडीसाठी तो घेऊ नका. उघडीप झाली की तिला याच चोचीनं किडे वेचायचेत. जखमी तलंगेची खपली पडून पिसांचे कोंब दिसायला लागले, की तिलाही रात्रीच दांडीवर ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तांबडं फुटायच्या आधी खुराड्याजवळ हजर राहा.