घरची नानकटाई नेमकी कुठे बिघडते? या चुका टाळा

दिवाळीच्या आधीचा आठवडा आणि मेची सुट्टी, या दोन वेळी मला नातेवाइकांचे फोटो यायला लागतात. कुणाची नानकटाई ट्रेभर पसरलेली, कुणाची टणक, कुणाची वरून करपून आत कच्ची. खाली प्रश्न एकच: "कृती तर तुमचीच होती, मग असं का झालं?"

कृती माझ्या आईची आहे आणि तिच्या वहीत ती जेमतेम तीन ओळींची आहे. "तूप 1 वाटी, पिठीसाखर 1 वाटी, मैदा मावेल तसा. वेलची, जायफळ. भट्टीत द्यावी." संपलं. आमच्या लहानपणी सुट्टी लागली की रवा, मैदा, तूप, साखर पिशवीत घालून गल्लीच्या टोकाच्या बेकरीत जायचं, नंबर लावायचा. तिथला कारागीर मोठ्या परातीत तूप फेसायचा, काळ्या पत्र्यांवर गोळे मांडायचा आणि भट्टीत सरकवायचा. संध्याकाळी पत्र्याचा डबा भरून घरी. म्हणजे खरं अवघड काम तो कारागीर करत होता. आईला ते लिहायची गरजच पडली नाही. आज वहीतली कृती तंतोतंत पाळूनही बिघडते, कारण त्या कारागिराच्या हाताचं काहीच वहीत उतरलेलं नाही.

आधी माझं माप सांगते: मैदा 200 ग्रॅम, बेसन 50 ग्रॅम, बारीक रवा 25 ग्रॅम, साजूक तूप 160 ग्रॅम, पिठीसाखर 130 ग्रॅम, घट्ट दही एक छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा, वेलची आणि जायफळ. मध्यम आकाराच्या पंचवीसेक होतात. बेसन वहीत नाही, ते मी घालते. त्याने खमंगपणा येतो आणि नानकटाई तोंडात विरघळते.

तूप पातळ घेणं

दहांपैकी आठ फोटोंमागे हेच कारण असतं, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

नानकटाईत पाणी नाही, अंडं नाही. तिला हलकेपणा येतो तो फेसलेल्या तुपात अडकलेल्या हवेमुळे. थिजलेलं तूप साखरेबरोबर फेसलं की त्यात हवा धरली जाते, पातळ तुपात ती धरलीच जात नाही. शिवाय पातळ तुपात कालवलेला गोळा ओव्हनची धग लागताच बसतो, कडा उभ्या राहण्याआधीच पसरतो. साजूक तूप तर पस्तीस अंशांच्या आतच वितळतं. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी ओट्यावर ठेवलेली बरणी आपोआप पातळ होते, हे लक्षातच घेतलं जात नाही.

माझ्याकडून हे झालंय. नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता, मेचा दुसरा आठवडा, सांगलीचं ऊन. पाहुण्यांना द्यायला तीन किलो नानकटाई घरीच करायची असं मीच ठरवलं होतं. सकाळी तूप मोजून परातीत काढलं, मग भाजी आली, फोन आले, आणि परात गॅसजवळ राहिली. दुपारी हात घातला तर तूप तेलासारखं. उशीर झाला होता, म्हणून फेसायचं सोडून दिलं आणि मैदा वाढवत गेले. गोळे वळता आले, तेव्हा वाटलं जमलं. पहिला ट्रे बाहेर काढला तर गोळे दिसेचनात, सगळी मिळून एक तांबूस पापडी झाली होती, कडेला तूप सुटलेलं. दुसरा ट्रे आत होता, त्याचंही तेच झालं. नणंद दारात उभी होती. ती काही बोलली नाही, पण तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही. उरलेलं पीठ तासभर फ्रिजमध्ये ठेवलं, मग गोळे वळून गारच भाजले. आकार राहिला, पण खुसखुशीतपणा नाही आला, कारण हवा आत गेलीच नव्हती. रात्री अकराला नवं तूप फ्रिजमधून काढून पुन्हा सुरुवात केली. पहाटे तीन वाजता शेवटचा ट्रे निघाला.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. तूप आदल्या रात्री मोजून स्टीलच्या डब्यात काढते आणि फ्रिजमध्ये ठेवते. करायच्या अर्धा तास आधी बाहेर. बोट दाबलं की खळगा पडावा, पण बोट ओलं होऊ नये, इतपतच मऊ. घरी कढवलेल्या कणीदार तुपात वर पातळ आणि खाली रवाळ असे दोन थर असतात. नवशिके वरचंच चमच्याने काढून घेतात. आधी सगळं एकजीव करा, थिजवा, मग मोजा.

मग फेसणं. परातीत तळहाताने, साखर थोडी थोडी घालत. मी एकाच दिशेने फेसते, आई तसं करायची म्हणून. दहा मिनिटं तरी लागतात. पिवळसर तूप पांढरं होतं, फुलतं, परात तिरकी केली तरी ओघळत नाही आणि बोटाने ओढलेली रेघ तशीच राहते. ती रेघ दिसेपर्यंत मैद्याच्या डब्याला हात लावायचा नाही. "मिक्सरमध्ये फिरवलं तर चालेल का?" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर नाही असंच आहे. मिक्सरचं भांडं गरम होतं आणि तूप वितळतं, मग फिरवून उपयोग काय? हातात धरायचं विजेचं बीटर असेल तर वापरा, तीन-चार मिनिटांत काम होतं. पण दहा मिनिटं हात फिरवायचा कंटाळा असेल तर नानकटाई विकत आणावी, चांगली मिळते.

पिठीसाखर घरी दळत असाल तर आणखी एक. मिक्सरमधून निघालेली साखर कोमट असते. ती तशीच तुपात घातली की तूप पुन्हा सैल होतं. दळून, चाळून, गार होऊ द्या. साधी साखर तर घालूच नका. विरघळायला पाणीच नाही, ती कण बनून दाताखाली येते.

कोणाची वाटी?

वहीतली "1 वाटी" ही आईची वाटी. ती बहिणीकडे गेली, म्हणून मी एकदा तिच्या घरी जाऊन मोजली: काठोकाठ तूप 165 ग्रॅम, शिगोशीग दाबून पिठीसाखर 130 ग्रॅम. माझ्या रुखवतातली वाटी हिच्याहून बरीच लहान आहे. सगळं एकाच वाटीने घेतलं तर प्रमाण टिकतं, हे खरं. पण मैदा कुणी दाबून भरतं, कुणी चाळून हलका भरतं, आणि "मावेल तसा" हे तर ज्याच्या त्याच्या हातावर. वजनकाटा घ्या. घरच्या जुन्या कृतीचा मान राखायचा तर ती एकदा ग्रॅममध्ये उतरवून ठेवा, शक्यतो करणारी व्यक्ती हात चालवत असताना, शेजारी बसून. मी आईच्या बाबतीत ते केलं नाही, आणि मला ते लागून राहिलंय.

आईच्या वेळी तूप म्हणजे बहुतेकदा वनस्पती, सगळे सरसकट डालडाच म्हणायचे. ते साजूक तुपापेक्षा उन्हाळ्यात जास्त वेळ घट्ट राहतं. साजूक तूप वापरायला लागल्यावर त्याच कृतीला फ्रिज जोडावा लागतो. लोण्याचं तर वेगळंच. बाजारच्या लोण्यात साधारण सोळा टक्के पाणी आणि बरेचदा मीठही असतं. त्याने बिस्किट चांगलं होईल, पण नानकटाई होणार नाही.

पीठ कोरडं वाटलं म्हणून दूध घालणं

घालू नका. मैद्याला ओल लागली आणि वर हात चालला की चिवटपणा येतो. गोळा वळत नसेल तर मूठभर पीठ तळहातात अर्धा मिनिट धरून दाबा, हाताच्या उबेने जमतं. तरीही फुटलं तर एक चमचा तूप. आणि हे पीठ कणकेसारखं तिंबायचं नाही. बोटांनी गोळा करायचं, झाकून वीस मिनिटं ठेवायचं, बस.

सोडा

पाव चमचा म्हणजे पाव चमचा, सपाट. "जरा जास्त फुलेल" म्हणून अर्धा घातलात तर साबणासारखी चव येते, रंग तपकिरी होतो, घसा खवखवतो. दही सोड्याला आंबट जोडीदार म्हणून आहे, ते गाळू नका. दही घट्ट हवं, पाणी काढलेलं. सोडा मैद्यात घालून दोनदा चाळा. नाहीतर एखाद्या नानकटाईत पिवळा ठिपका आणि कडू घास येतो.

बाहेर काढायची घाई नाही, पण उशीरही नाही

ही माझी दुसरी दुखरी जागा. गेल्या दिवाळीत भाच्याच्या बायकोचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. ओव्हन चालू, चेहरा रडवेला.

"आत्या, वीस मिनिटं झाली, अजून बोट रुततंय. अजून दहा ठेवू?"

"अगं, आधी बंद कर. ट्रे बाहेर काढ आणि एक उलटून दाखव."

तिने उलथन्याने एक उचलली. तळ गडद तांबूस, बदामी रंगाच्या पुढे गेलेला. तिने याआधी दोन ट्रे असेच "कडक होईपर्यंत" भाजले होते, पस्तीस-पस्तीस मिनिटं. गार झाल्यावर ते दातांनी तुटत नव्हते आणि जळकट लागत होते.

नानकटाई ओव्हनमध्ये कधीच कडक होत नाही. गरम असताना तिच्यातलं तूप वितळलेलं असतं, म्हणून ती मऊच लागते. गार होताना तूप आणि साखर परत घट्ट होतात, तेव्हा कुरकुरीतपणा येतो. म्हणून बोटाने दाबून बघायचंच नाही. तळ बघायचा. वरून जवळजवळ पांढरी, भेगा पडलेली, कडेला किंचित रंग, आणि तळाला बदामी, की काढायची. ट्रेवरून लगेच उचलायची नाही, तुटते. पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. तिचा तिसरा ट्रे वाचला, सासऱ्यांनी त्यातल्या सहा खाल्ल्या असं तिने नंतर कळवलं.

माझ्या ओव्हनमध्ये 160 अंशांवर 18 ते 20 मिनिटं लागतात. तुमच्याकडे दोन-तीन मिनिटं पुढेमागे होतील, म्हणून सगळ्यात आधी तीन-चारच गोळे भाजून बघा. त्या चार नानकटायांतून जे कळतं ते मला विचारून कळणार नाही. ओव्हन पंधरा मिनिटं आधी तापवा, वरचा आणि खालचा दोन्ही दांडे चालू, ट्रे मधल्या खणात. छोट्या ओव्हनमध्ये मागची बाजू लवकर भाजते, तेव्हा बाराव्या मिनिटाला ट्रे फिरवून ठेवा. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवरच. नुसत्या मायक्रोवेव्हवर ती आतून जळते आणि वरून पांढरी राहते, बाहेरून काही कळतही नाही.

ओव्हन नसेल तर कुकरपेक्षा जाड बुडाचं जुनं पातेलं घ्या. तळाला मिठाचा थर, वर स्टँड, वर ताटली, घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून मग ताटली ठेवायची आणि आच मंद करायची. कुकरच वापरणार असाल तर शिट्टी आणि रिंग काढा, आणि आत पाणी अजिबात नाही. पंचवीस मिनिटं लागतात. तळ लवकर रंगतो, लक्ष ठेवा.

बाकीचं थोडक्यात. गोळे लहान लिंबाएवढे, फार दाबायचे नाहीत, दोघांत दोन बोटं अंतर. चारोळी किंवा पिस्ता लावताना बोटाने आत रोवा, नुसता ठेवलेला गळून पडतो. पहिला ट्रे आत असताना उरलेले गोळे ओट्यावर नकोत, फ्रिजमध्ये. दुसरा घाणा गरम ट्रेवर मांडू नका, खालचं तूप लगेच सुटतं.

हल्ली मुलं ओट्स आणि मनुका घालून मागतात. चालतं, मीही करते. ओट्स मिक्सरला जाडसर फिरवून रव्याच्या जागी आणि थोड्या मैद्याच्या जागी, एकूण 60 ग्रॅमच्या वर नाही, नाहीतर गोळा धरत नाही. मनुका मात्र पिठाच्या आत लपल्या पाहिजेत. वर उघड्या राहिल्या की फुगतात, करपतात आणि कडू होतात. त्या भिजवून घालायच्या असतील तर फडक्यावर पूर्ण कोरड्या करा.

डबा भरायची घाई करू नका. हाताला जराही कोमट लागली तरी थांबा. कोमट भरली की झाकणाला आतून वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी सगळा डबा मऊ. मी पंख्याखाली वर्तमानपत्रावर स्वच्छ कागद घालून पसरते, दोन तास. मग स्टीलच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर. पावसाळ्यात झाकणाला कडेने कापडी पट्टी बांधते. पंधरा दिवस छान राहते, आणि तिसऱ्या दिवशी वेलची मुरल्यावर सगळ्यात चांगली लागते.