जेटबोटीच्या पंपाची ताकद टिकवताना

न्यूझीलंडच्या कँटरबरी भागातील उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात जेटबोट, म्हणजे पंपाने पाणी मागे फेकून पुढे जाणारी बोट, विकसित केली. तेच गोटे आणि वाळू आजही पंपाचा घास घेतात. इंजिनाचे फेरे वाढतात पण बोट पुढे रेटत नाही, असे झाले की प्रथम इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी आणि मगच पाणी ओढणारी जाळी तपासावी. तिथे अडकलेली शेवाळाची एक जुडीही पंपाची उपासमार करते.

पाणी कमी पडले की इंपेलरच्या (पंपात पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकाच्या) पात्यांवरील दाब इतका घसरतो की २० अंश सेल्सिअसचे पाणीसुद्धा सुमारे २.३ किलोपास्कलला उकळून त्याचे बुडबुडे होतात, आणि ते पुढे जास्त दाबात फुटताना धातूला टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पाडतात. हेच कॅव्हिटेशन. झिजलेल्या सीलमधून (हवा-पाणी अडवणाऱ्या कड्यातून) हवा शिरली तरी लक्षणे अशीच दिसतात, म्हणून कॅव्हिटेशनच आहे असे ठरवण्याआधी सील पाहावे.

माझ्या मते खरी मेहनत इंपेलर आणि वेअर रिंग (त्याच्याभोवतीचे बदलता येणारे कडे) यांच्यामधील फटीवर घ्यावी. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) प्रत्येक पात्याच्या टोकाशी सरकवून मोजावे. फट निर्मात्याच्या मर्यादेपलीकडे गेली असेल तर रिंग बदलावी. बोथट झालेली पुढची कड बारीक कानशीने मूळ आकारात आणावी, मात्र सर्व पाती सारखीच घासावीत, नाहीतर तोल बिघडून बेअरिंग खराब होतात.