नवतपात तरुण कुत्र्याला कसे रमवावे

सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंतचा कुत्रा चपला कुरतडू लागला किंवा आल्यागेल्याच्या अंगावर उड्या मारू लागला, की त्याला आणखी पळवून दमवावे, असेच बहुतेकांना सुचते. नागपुरात उन्हाळ्याचे तीन महिने, आणि विशेषतः नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, हा उपाय धोक्याचा आहे. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकतो आणि पारा ४५ अंशांवर गेला, की त्या धापाही अपुऱ्या पडतात. अशा दिवसांत पायांचे काम कमी करून नाकाचे काम वाढवावे.

फिरायला पहाटे साडेपाचच्या सुमारास न्यावे. सूर्यास्तानंतरही डांबर बराच वेळ तापलेले असते, म्हणून संध्याकाळी निघण्यापूर्वी तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहावी. ती टेकवत नसेल, तर कुत्र्याचे तळवेही भाजतील. सेमिनरी हिल्सकडील झाडांच्या सावलीतून जाताना दोरी सैल सोडावी आणि त्याला प्रत्येक बुंध्याशी हवे तितके हुंगू द्यावे. आपण घाईने दोरी ओढतो, तेव्हा त्याच्या फिरण्यातील खरा आनंदच काढून घेतो, असे मला मनापासून वाटते.

दुपारसाठी नाकाचा खेळ पायरीपायरीने शिकवावा. प्रथम त्याच्या देखत कोरड्या खाद्याचे दहा-बारा दाणे गोणपाटावर टाकून ‘शोध’ म्हणावे. दोन दिवसांनी तेच दाणे गोणपाटाच्या घड्यांत दडवावे, मग रिकाम्या खोक्यांपैकी एकाच खोक्यात ठेवावे आणि शेवटी तो दुसऱ्या खोलीत असताना पलंगाच्या पायाशी किंवा दारामागे लपवावे. प्रत्येक टप्प्यावर त्याला यश मिळालेच पाहिजे. तो गोंधळून भुंकू लागला, तर एक पायरी मागे यावे. आमचा लॅब्रॅडॉर पहिल्या उन्हाळ्यात कूलरच्या ताटीतील गवत उपसून काढत असे. आम्ही त्याचे दुपारचे सगळे जेवण या खेळातून देऊ लागलो, तेव्हा आठवडाभरात त्याने ताटीचा नाद सोडला.

चाटण्यानेही कुत्रा शांत होतो. वाटीत बिनसाखरेचे दही गोठवून द्यावे किंवा बिया काढलेल्या टरबुजाच्या फोडी द्याव्यात; द्राक्षे, मनुका, कांदा आणि चॉकलेट मात्र कधीही देऊ नयेत. ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’ या आज्ञांचा सराव पाच-पाच मिनिटांचाच असावा. मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडे साधारण दीड वर्षापर्यंत वाढत असतात, त्यामुळे त्याला उंचावरून उड्या मारायला लावू नये.

धापा थांबत नसतील, लाळ घट्ट झाली असेल किंवा चाल अडखळत असेल, तर त्याला ताबडतोब सावलीत आणून अंगावर गार पाणी ओतत राहावे, पंखा लावावा आणि तसेच पशुवैद्याकडे न्यावे.

एवढे करूनही संध्याकाळी तो घरभर पिसाटल्यासारखा धावत असेल, तर त्याला नवा खेळ देऊ नये. लहान मुलाप्रमाणे तोही पुष्कळदा झोप अपुरी झाल्यामुळेच उधळतो. अशा वेळी पडदे ओढून त्याला कूलरजवळच्या थंड फरशीवर निजू द्यावे.