गणिताच्या वर्गासाठी सामान मागताय? या चुका टाळा

वस्तीतल्या शाळेत गणित शिकवायचं म्हणजे सामानाची बोंब कायमचीच, पण खरं सांगू का, देणारे मिळत नाहीत यापेक्षा मिळालेलं सामान कपाटात धूळ खात पडतं हे दुखणं जास्त मोठं आहे, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा आपण मागतो कसं यातच असतं.

"गणिताचं साहित्य हवंय" एवढंच लिहून मोकळं होऊ नका. वाचणाऱ्याला काय कळणार त्यातून? मग कुणी वह्या पाठवतं, कुणी रंगीत खडू, कुणी घरातला जुना अबॅकस, आणि तुमचं अडलेलं असतं कोनमापकावाचून. त्यापेक्षा सरळ लिहा की सातवीचा वर्ग, मुलं ४२, भौमितिक रचना सुरू होतायत, कोनमापक ४२ आणि कर्कटक २१ म्हणजे दोघांत एक, आणि सामान अमुक तारखेच्या आत लागेल. तारीख टाकाच, नाहीतर पार्सल नेमकं सुट्टीत येतं आणि घ्यायला शाळेत कुणी नसतं. मुख्याध्यापकांना आधी सांगा, हे वेगळं सांगायला नको.

कॅलक्युलेटरच्या बाबतीत तर मोघमपणा फारच महागात पडतो. साध्या कॅलक्युलेटरवर २ + ३ × ४ दाबलं की बहुतेक वेळा २० येतात, सायंटिफिकवर १४. एकाच बाकावर दोन्ही आले की पोरांची जुंपलीच म्हणून समजा. (तसा क्रियांचा क्रम शिकवायला हा झकास मुहूर्त आहे, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी नको.) सायंटिफिकच मागवणार असाल तर सगळे एकाच मॉडेलचे मागा, कारण मॉडेल बदललं की मोडची बटणं बदलतात, आणि एखादा अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) राहिला की साइन ३० चं उत्तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ येतं आणि पोरगं बिचारं स्वतःचीच चूक शोधत बसतं. आणि परीक्षेत कुठलं मॉडेल चालतं ते मागवायच्या आधी बघा.

स्वस्त कंपासपेट्या गठ्ठ्याने घेताना आधी एक नमुना तपासा. कर्कटकाने वर्तुळ काढून बघा, शेवटचं टोक सुरुवातीला जुळलं नाही तर स्क्रू ढिला आहे, तो आवळून बघा, तरीही नाही जुळलं तर घेऊच नका. कोनमापकाने ९० अंशांची खूण करा, मग तोच पालथा करून त्याच बिंदूवर, त्याच रेषेवर ठेवून परत खूण करा. दोन खुणा वेगळ्या पडल्या तर छपाई सरकलेली आहे. अशा कोनमापकाने मुलांनी कितीही नीट मोजलं तरी उत्तर चुकणारच.

ग्राफ पेपर घरी छापलात आणि १ सेंमीचे चौकोन पट्टीवर कमी भरतायत? प्रिंटरमधलं 'फिट टू पेज' बंद करा, १०० टक्के साइज ठेवा. झेरॉक्सची झेरॉक्स तर काढूच नका. तोच ग्राफ पेपर पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला की त्यावर व्हाइटबोर्ड मार्करने लिहा आणि पुसा, वेगळे व्हाइटबोर्ड मागवायची गरज नाही. मार्कर लवकर सुकत असतील तर टोपण घट्ट लावून आडवे ठेवा.

हरवेल म्हणून सगळं कुलपात ठेवणं मला तरी पटत नाही. वस्तूवर मुलाचा हजेरी नंबर टाका, तास संपायच्या दोन मिनिटं आधी गोळा करा, विषय संपला. पेन्सिली आणि खोडरबर मात्र जाणारच, त्यांच्या मागे लागू नका, मागतानाच जास्तीचे मागा.

आणि आभार मानताना मुलांचे केविलवाणे फोटो अजिबात नकोत. पालकांना न विचारता चेहरे दाखवायचेच नाहीत. मुलांनी काढलेल्या रचनेचं वहीतलं पान पाठवा, कर्कटकाचे कंस दिसतील असं. देणाऱ्याला आपलं सामान कुठे लागलं ते त्यातून नीट दिसतं, आणि पुढच्या वेळी काय हवंय तेही त्याच पत्रात लिहून टाका.