बर्फ ते वाफ: तापमान कुठे थांबतं, ते घरच्या गॅसवर मोजून बघा

बर्फ ० अंशाला वितळतो, पाणी १०० अंशाला उकळतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्या दोन आकड्यांवर तापमान किती वेळ अडून राहतं, हे स्वतः मोजलं की अवस्थांतर खरं कळतं. मुलांना घेऊन हा प्रयोग जरूर करा, गॅसजवळ मात्र मोठ्यांनीच थांबा.

११० अंशांपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर लागेल. तापाचा चालणार नाही, तो ४२ अंशांच्या आसपास संपतो. शिवाय घड्याळ, वही आणि २०० ग्रॅम बर्फ.

आधी बर्फ फडक्यात गुंडाळून बत्त्याने कुटा. फ्रीझरमधला बर्फ साधारण उणे १८ अंशांचा असतो, म्हणून छोट्या पातेल्यात घालून तळाशी थोडं पाणी सुटेपर्यंत थांबा.

मग आच मंद ठेवा आणि शेवटपर्यंत गॅसच्या बटणाला हात लावू नका. सगळा हिशेब त्यावर आहे. सतत ढवळत राहा, नाहीतर तळाचं पाणी आधी तापून आकडे फसवतात. थर्मामीटरचं टोक पातेल्याला टेकू देऊ नका. दर अर्ध्या मिनिटाला आकडा लिहा.

बर्फाचा शेवटचा तुकडा असेपर्यंत आकडा ० च्या आसपासच घुटमळेल. तो विरघळला की भराभर चढेल आणि उकळी फुटल्यावर पुन्हा थांबेल. पुण्यात हा थांबा ९८ अंशांच्या जवळ येतो, महाबळेश्वरला ९५-९६ वर. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. पाच मिनिटं उकळू द्या आणि गॅस बंद करा. पातेलं कोरडं पडू देऊ नका.

आता आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर तापमान घेऊन आलेख काढा. दोन सपाट पट्टे दिसतील. त्या वेळात आच चालूच होती, मग उष्णता गेली कुठे? रेणूंची एकमेकांवरची पकड सोडवण्यात. हीच अप्रकट उष्मा. १ ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी लागतात, ते पाणी ० वरून १०० अंशांवर न्यायला १०० आणि त्याची वाफ करायला तब्बल ५४० कॅलरी! म्हणजे तापायला ५ मिनिटं लागली असतील, तर सगळं पाणी आटायला त्याच आचेवर २७ मिनिटं लागतील.

यातून स्वयंपाकाची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. उघड्या पातेल्यातल्या भाताला उकळी आली की गॅस बारीक करा. मोठ्या आचेने पाणी जास्त गरम होत नाही, फक्त लवकर आटतं.

शेवटी चहाच्या किटलीची तोटी लांबूनच नीट बघा. तोटीला लागून थोडी जागा रिकामी दिसते, तीच खरी वाफ. पुढचा पांढरा ढग म्हणजे गार होऊन पुन्हा पाणी झालेले थेंब. त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत बोट नेऊ नका. त्वचेवर वाफेचं पाणी होताना तेच ५४० कॅलरींचं देणं तिथे उतरतं, म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट बसतो.