वरातीआधीची पंधरा मिनिटं: क्लॅरोनेट-सॅक्सोफोनवाल्यांनी एकत्र सूर कसा लावावा

आपल्याकडे खेड्यातल्या बँडपार्टीत एकाच रांगेत वर्षानुवर्षं क्लॅरोनेट फुंकलेले काका, दोन हंगाम झालेला सॅक्सोफोनवाला आणि दिवाळीनंतर वाद्य हाती घेतलेला पोरगा उभे असतात. सगळ्यांना थेट गाण्यावर घेतलं की जुने जोरात सुटतात आणि नवा गाल फुगवून मागे धावतो. म्हणून आधी पंधरा मिनिटं एकत्र बसा, आणि ती नव्या पोराच्या चालीनं जाऊ द्या.

जागा सावलीची हवी. शाळेचा व्हरांडा चालेल, समाजमंदिरही चालेल. मे महिन्यात वाद्य टेम्पोत उन्हात ठेवू नका. लाकडी क्लॅरोनेट तडकतं. कोरड्या हवेत रीडचं, म्हणजे फुंकल्यावर थरथरणाऱ्या पातळ पट्टीचं, टोक वाकडं होतं, म्हणून ती आधी तोंडात नीट ओली करा आणि टोक माऊथपीसच्या (तोंडात धरायच्या भागाच्या) टोकाशी जुळवून बसवा.

श्वास. वाद्य मांडीवरच राहू द्या. साइड ड्रमवाल्यानं मिनिटाला 60 ठोके धरावेत. चार ठोके पोटात श्वास, आठ ठोके दातांतून ‘स्स’. चार-पाच वेळा पुरे. कुणाला गरगरलं तर त्याला थांबू द्या.

लांब सा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सा काळी पाचचा (सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीचा) घ्या, कारण नव्यांना तो सोपा पडतो. क्लॅरोनेटवर डाव्या हाताचा अंगठा आणि तीन बोटं दाबा, आल्टो सॅक्सोफोनवर डाव्या हाताची तीन बोटं. दोन्हींतून एकच सूर निघतो. टेनर सॅक्सोफोनवाल्यानं फक्त डाव्या हाताचं मधलं बोट दाबावं. आधी नव्यानं एकट्यानं सूर धरायचा, मग बाकीच्यांनी एकेक करून आत यायचं, आणि तेही त्याचा आवाज ऐकू येत राहील इतक्या हळू. जुन्या हातांची खरी परीक्षा इथेच होते. बारीक फुंकीत सूर स्थिर ठेवणं जोरात वाजवण्यापेक्षा अवघड आहे. पोराचे गाल फुगले तर रागावू नका. शेजारच्या काकांनी एवढंच म्हणावं, “गाल नोको फुगवू बाबू, ओठ धरून ठेव.”

कॅसिओशी जुळवणं. कॅसिओवर, म्हणजे कीबोर्डवर, काळी पाच दाबून ठेवा. दोन सूर जवळ असूनही वेगळे असले की आवाजात थरथर ऐकू येते. ते जुळत येतात तशी ती मंदावते. हवा 1 अंशानं तापली की तिच्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरनं वाढतो, त्यामुळे फुंकीच्या वाद्यांचा सूर उन्हाळ्यात चढतो. कॅसिओ मात्र जागेवरच असतो. सूर चढला असेल तर क्लॅरोनेटचं बॅरल (माऊथपीसखालचा आखूड तुकडा) किंवा सॅक्सोफोनचा माऊथपीस किंचित बाहेर ओढा, उतरला असेल तर आत सरकवा. त्याआधी ओठ पाहा. नवी पोरं रीड चावतात, त्यानंही सूर चढतो.

जीभ. त्याच ‘सा’वर ‘तु तु तु तु’, ठोक्याला एक. फुंक तुटू द्यायची नाही, जिभेनं रीडला नुसता स्पर्श करायचा.

थरांचे पलटे. नवा आणि टेनर सा धरून ठेवतात. मधले वादक सा रे ग म वर-खाली करतात: क्लॅरोनेट आणि आल्टो दोघांनाही तीन बोटांतून खालून एकेक उचलत गेलं की रे आणि ग मिळतात. ‘म’साठी क्लॅरोनेटवर नुसता अंगठा राहतो, आल्टोवर नुसतं मधलं बोट. जुन्यांनी त्यावर सारेग, रेगम, गमप असे पलटे घ्यावेत. चार आवर्तनांनंतर नव्यालाही रेपर्यंत येऊ द्या. पुढच्या आठवड्यात ग.

टेम्पो दारात उभा असेल आणि पाचच मिनिटं हातात असतील, तर पलटे गाळा. लांब सा आणि कॅसिओशी जुळवणं तेवढं करूनच निघा.