वरळीच्या मारुतची नोंद कशी घ्याल

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एचएफ-२४ मारुत हे भारतात बनलेलं जुनं लढाऊ विमान आहे; सुरुवात तिथूनच करा. जर्मन विमान-अभियंते कुर्ट टँक यांच्या आराखड्याचं हे जेट १९६१ साली प्रथम उडालं. आधी दोन्ही बाजूंचे पूर्ण फोटो, मग अंगावरचा क्रमांक जवळून. रंगावर मात्र डोळे झाकून विश्वास नको! प्रदर्शनातली विमानं पुन्हा रंगवतात, तेव्हा आकडे चुकतात, कधी गळतातही. म्हणून तिरप्या उन्हात पत्रा न्याहाळा; जुन्या आकड्याची कड रंगाखालून उठून दिसू शकते. कारखान्याची पाटी दिसली तर सोन्याहून पिवळं, पण रखवालदाराला विचारल्याशिवाय हात लावू नका. तारीख, जागा लिहा. रिवेटांभोवती, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांभोवती, पांढरी पूड दिसली तर तीही टिपा. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम असंच झिजतं. पावसाळा सरला की पुन्हा चक्कर मारा.